खोलवरचे काप

सकाळच्या ट्रेमध्ये सात बाटल्या आल्या होत्या आणि त्यांतल्या पाचवीवर ताईच्या धाकट्या बहिणीचं नाव होतं. आधी तिला ती नुसती अक्षरंच दिसली, रोज दिसतात तशी. आडनाव, नाव, वय, विभाग, नमुना कशाचा. गेली बावीस वर्षं ती इस्पितळाच्या तळघरातल्या या लॅबमध्ये माणसांचे तुकडे मेणात बसवून त्यांचे काप काढत होती, आणि नाव वाचायची ते फक्त बाटलीवरचं आणि कागदावरचं जुळतंय ना, एवढ्यापुरतं. जुळलं. तिने कागदावर खूण केली, सहावी बाटली उचलली, ती खाली ठेवली आणि पुन्हा पाचवी उचलली. वय एकेचाळीस. जन्मतारीख तीच. विभाग हृदयरोग, अतिदक्षता. नमुना हृदयाचा स्नायू, पाच तुकडे. फॉर्मालिनच्या तळाशी तांदळाच्या कणीएवढे पाच तुकडे पडले होते. बाटली कलली तसे ते घरंगळले आणि पुन्हा तळाशी जाऊन बसले. भीती आली, पण ती नंतर. आधी आलं ते दुसरंच काही, आणि ते इतकं ओळखीचं होतं की ताईला त्याचं नवलही वाटलं नाही. आपल्याला कोणी सांगितलं नाही. ती याच इमारतीत, चार मजले वर, झोपलेली आहे, तिच्या हृदयात नळी घालून तुकडे काढण्यापर्यंत मजल गेली आहे, म्हणजे दोन-तीन दिवस तरी झाले असणार. आईला माहीत असणार. आई वर असणार. आणि आपल्याला हे एका बाटलीने सांगावं.

चार वर्षांची असताना ताईचं नाव गेलं होतं. कागदोपत्री होतं, पण घरात कोणी ते पुन्हा वापरलं नाही. दवाखान्यातून एक गुंडाळलेलं गाठोडं घरी आलं, आई म्हणाली, "बघ, आता तू ताई झालीस," आणि त्या दिवसापासून बाबासुद्धा तिला ताईच म्हणू लागले. पुढे शेजारी म्हणू लागले, मग लॅबमध्येही कोणीतरी सुरुवात केली. ते गाठोडं मात्र नावांनी श्रीमंत होत गेलं. पाचव्या वर्षी तलावात सोडल्यासोडल्या ती अशी तरंगली की बाबा काठावरून ओरडले, "अरे, ही तर मासोळी!" आणि ती जन्माची मासोळी झाली. ताईलाही पोहता येत होतं. हात बरोबर पडायचे, पाय बरोबर पडायचे, श्वास बरोबर घेतला जायचा, आणि काठावरचं कोणी तिच्याकडे बघत नसायचं. दोघींना एकदम गोवर आला तेव्हा दोन खाटांच्या मधल्या खुर्चीत आई बसायची, पण तिचं तोंड मासोळीकडे असायचं. ताई दोन दिवस आधी बरी झाली. "हिची प्रकृती दणकट," आई कौतुकाने सगळ्यांना सांगायची, "हिला काही होत नाही." आणि ताईला शाळेत धाडलं. वर्गात बसून तिने सबंध दिवस अंग पुन्हा तापावं म्हणून वाट पाहिली होती. तळहात कपाळाला लावून लावून कपाळ लाल झालं, ताप काही आला नाही.

तिने पाच तुकडे जाळीच्या डबीत घातले, तातडीच्या यंत्रात लावले. दुपारी बारापर्यंत ते मेणात बसले. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी ते काम शेजारच्या टेबलावरच्या नव्या मुलीकडे दिलं असतं, नात्यातल्याचा नमुना दुसऱ्याने करायचा असा नियमच होता, आणि ती मुलगी काप चांगले काढायची, पण ताईला ते सहन झालं नसतं. तो मेणाचा ब्लॉक बर्फावर गार केला, मायक्रोटोमला, म्हणजे काप काढायच्या यंत्राला लावला, चाक फिरवलं. मेणाची पारदर्शक फीत सुरीवरून उतरत गेली, कोमट पाण्यावर पसरली, तिने ती काचेवर उचलली. रंग दिले. गुलाबी स्नायू, निळी केंद्रकं. दीडच्या सुमाराला मॅडम दोघांना समोरासमोर बघता येणाऱ्या सूक्ष्मदर्शकाशी येऊन बसल्या. पॅथॉलॉजिस्टबाई म्हणजे उंच, नाकावर चष्मा आणि डोक्यावर दुसरा चष्मा अशा. जेवणाचा डबा बाजूला सारत म्हणाल्या, "तुझ्याच आडनावाची आहे. नात्यातली?"

"आडनावं काय मॅडम, ढिगाने असतात."

"बस समोर. बघ." मॅडमना कोणीतरी समोर लागायचंच, त्या बोलल्याशिवाय बघू शकत नसत. "हे निळे ठिपके, लिंफोसाइट. आपल्या शरीराचे पहारेकरी. हे इथे इतके असायला नकोत. एखादा विषाणू येऊन गेला असेल, किंवा आलाही नसेल. हे आत शिरतात आणि स्नायूच्या पेशीलाच परकं समजून तिच्यावर तुटून पडतात. बाकी सगळं शाबूत असतं बघ. शहाणपण, शिस्त, शस्त्रं. फक्त ओळख चुकते." त्यांनी स्लाइड सरकवली. "पण हे विरळ आहेत. स्नायू मेलेला दिसत नाही. साधा दाह असेल तर विश्रांतीवर निभावेल. राक्षसी पेशी, म्हणजे अनेक केंद्रकांच्या मोठाल्या पेशी, निघाल्या तर मात्र गोष्टच वेगळी, मग आजच्या आज पहारेकऱ्यांना झोपवणारी औषधं सुरू करायला हवीत. हा रोग ठिपक्याठिपक्यांनी असतो, एका कापात दिसतो, दहा कापांत नाही. असं कर, ब्लॉकमध्ये अजून खोल जा. खोलवरचे काप काढून ठेव. मी चारला निघणार आहे, त्याआधी दाखव."

"हो," ताई म्हणाली. घड्याळात पावणेदोन झाले होते. कापायला अर्धा तास, रंगाला अर्धा-पाऊण. तीनपर्यंत आरामात. तिने ब्लॉक बर्फावर ठेवला आणि कामाचा पांढरा कोट तसाच अंगावर ठेवून जिना चढून वर गेली.

आई होतीच. खाटेच्या पायथ्याशी खुर्ची ओढून मासोळीची सुजलेली पावलं मांडीवर घेऊन बसली होती आणि अंगठ्याने हळूहळू चोळत होती. यंत्रावर हिरवी रेघ उड्या मारत होती. उशीपाशी तिच्याकडे पोहायला शिकणाऱ्या मुलांनी काढलेली चित्रं चिकटवली होती, सगळी निळी, सगळ्यांत एक बाई पाण्यात हसत होती. मासोळी पांढरी पडली होती, ओठांचा रंग गेलेला, केस चिकटलेले, आणि तरी ताईच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच की हिला आजारपणसुद्धा शोभतं.

"अगं ताई! तुला कोणी सांगितलं?" मासोळीचा आवाज प्रत्येक दोन शब्दांनी दम घेत होता.

"तुझ्या बाटलीने."

मासोळी हसायला गेली आणि तिला धाप लागली. आई चिडली. "हसवू नकोस तिला. आधी नुसती दमणूक वाटली गं, मग जिना चढवेना. परवा रात्री आणलं. मी म्हणत होते, ताईला कळवू. हीच नको म्हणाली."

"का?"

तेवढ्यात परिचारिका सलाईन बघायला आली. आई तिला म्हणाली, "ही माझी मोठी. इथेच खाली असते. हिला कधी काही होत नाही हो, देवाच्या दयेने." मग ताईकडे वळून, खरोखरच्या कुतूहलाने, "तू खाली करतेस काय गं नेमकं?"

बावीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं होतं. ताईने तोंड उघडलं, पण आईचं लक्ष पुन्हा पावलांकडे गेलं होतं. सूज दाबली की खळगा पडत होता आणि आई तो खळगा भरून येईपर्यंत त्याच्याकडे बघत राहत होती. आपली पावलं आईने शेवटची कधी हातात घेतली असतील? ताई आठवू लागली. आठवेना. मोजे घालताना घेतली असतील, ताई व्हायच्या आधी. तीन आठवड्यांपूर्वी आईच्या घरी ती सर्दी घेऊनच गेली होती, दोन रुमालांत ती सर्दी संपली. त्याच दिवशी मासोळी तिच्या उष्ट्या कपातलं उरलेलं पाणी प्यायली होती, नेहमीसारखी, न विचारता. तीच सर्दी असेल का? माझ्यात आली, दार ठोठावलं, निघून गेली. आणि हिच्यात जाऊन एवढा मोठा सोहळा. शरीरसुद्धा हिचं असं, कुठलीही गोष्ट हातचं राखून करणार नाही.

निघताना मासोळीने तिचा कोट धरला. आई पाणी आणायला गेली होती. "ताई, खरं सांग. मी मरणार नाही ना?"

"अजून स्लाइड व्हायच्यात," ताई म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे अजून कळायचंय."

"कोणाला कळायचंय?"

"कळेल."

खाली आली तेव्हा अडीच वाजले होते. नवी मुलगी जेवायला गेली होती, यंत्रं घरघरत होती. ब्लॉक बर्फावर होता. ताईने स्टूल ओढलं, ब्लॉक हातात घेतला. मेणाच्या इवल्या चौकोनात करड्या पाच टिकल्या. ती बघत राहिली. पुढे काय झालं ते तिने नंतर पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलं आणि प्रत्येक वेळी ते थोडं खोटं झालं. बहीण मरावी असं तिला वाटलं नव्हतं. तशी इच्छा मात्र तिने कितीही खोल जाऊन बघितलं तरी कुठे सापडली नाही. पण वर एक बाई पावलं चोळत होती, मुलांनी चित्रं काढली होती, चार डॉक्टर, दोन परिचारिका, सगळे मासोळीकडे तोंड करून उभे होते, आणि त्या सगळ्यांना जे हवं होतं ते या घडीला ताईच्या तळहातावर होतं. वरचे सगळे आपली वाट बघतायत आणि त्यांना ते ठाऊकही नाही. आयुष्यात पहिल्यांदा मासोळी तिच्या एकटीची होती. कोणी बाबा काठावरून ओरडत नव्हते. तिने ब्लॉक बर्फावर ठेवला. पुन्हा उचलला. सुरी पुसली, जी स्वच्छच होती. दुसऱ्याच एका रुग्णाच्या आतड्याचे काप काढले, ज्यांची काही घाई नव्हती, आणि ते फार सुरेख काढले. एकदा वाटलं, ऊठ, लाव ब्लॉक. मग वाटलं, अजून पाच मिनिटं. ती पाच मिनिटं कशी गेली ते कळलं नाही असं तिने पुढे स्वतःला सांगितलं, पण ते खोटं होतं. समोर घड्याळ होतं, मोठ्या काट्यांचं, आणि तिने ते तीनला पाहिलं, सव्वातीनला पाहिलं, पावणेचारला पाहिलं. चारला मॅडम दारातून डोकावल्या. "झाले?"

"नाही. ब्लॉक जरा कठीण आलाय."

"बरं. सकाळी बघू मग. काही वाटलं तर फोन कर."

मॅडमची पावलं जिन्यावर विरली आणि ताईने चाक फिरवायला घेतलं. आता मात्र हात भराभर चालले. वीस काप खोल, चाळीस, साठ. सव्वापाचला रंगवलेल्या स्लाइड तिने एकटीने सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या. ती डॉक्टर नव्हती, पण बावीस वर्षांत डोळा बनतोच. चौथ्या तुकड्यात, आधी साधा स्नायू होता तिथे, गुलाबी धागे विरघळून गेले होते आणि त्यांच्या काठाला मोठाले, वेडेवाकडे डाग उभे होते, एकेकात दहादहा केंद्रकं कोंबलेली. राक्षसी पेशी. तिने फोन हातात घेतला. मॅडमना फोन केला तर त्या विचारणार, एवढ्यात झाले? मग दुपारी का नाही? तिने फोन ठेवला. स्लाइड मॅडमच्या ट्रेमध्ये सगळ्यांत वर ठेवल्या, त्यांच्यावर तातडीचा लाल कागद लावला, आणि घरी गेली.

पहाटे सहाच्या सुमाराला मासोळीच्या हृदयाचा ताल सुटला. दोनदा विजेचा झटका द्यावा लागला. ताईला ते साडेसातला कळलं, मॅडम वर फोन करत होत्या तेव्हा पलीकडून आलेल्या आवाजावरून. मॅडमच्या हातात चौथ्या तुकड्याची स्लाइड होती, त्या फोनमध्ये ओरडत होत्या, "राक्षसी पेशी आहेत, हो, खात्री आहे, स्टिरॉइड आत्ता सुरू करा, बाकीचीही, थांबू नका!" फोन ठेवून त्यांनी चष्मा काढला. "काल तयार होत्या ह्या?"

"उशिरा झाल्या."

"मला कळवायचंस."

ताईने सुरी पुसायला घेतली. 

मासोळी वाचली. लगेच नाही. नऊ दिवस ती कधी इकडे कधी तिकडे होती, आणि ते नऊही दिवस ताई सकाळ-संध्याकाळ वर जाऊन दाराच्या काचेतून बघून येत होती, आत मात्र गेली नाही. औषधांनी पहारेकरी गुंगले, स्नायू हळूहळू आकुंचन पावू लागला, गळ्याच्या हाडाखाली एक छोटं यंत्र बसवलं, ताल पुन्हा सुटला तर झटका देणारं. ती पंधरा तास आधी औषधं मिळाली असती तर पहाटेचं ते टळलं असतं का, हे ताईने एकदा, दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगतेय असं दाखवून, वरच्या तरुण डॉक्टरला विचारलं. "टळलं असतं किंवा नसतं," तो म्हणाला, "औषधं काही तासांत जादू करत नाहीत. पण आम्ही अशा रुग्णाला तासभरही थांबवत नाही." दोन्ही वाक्यं खरी होती आणि तिला दोन्ही घेऊन राहायचं होतं.

मासोळीला घरी सोडायच्या दिवशी आई तळघरात उतरली. लॅबच्या दारात, चपला काढाव्यात की नको या विचारात उभी. "माझी मोठी इथे असते," तिने मॅडमनाच सांगितलं. "धाकटीचा रोग इथेच सापडला म्हणतात. कोणी शोधला ते सांगा, मला त्यांच्या पाया पडायचंय."

मॅडमनी आईकडे पाहिलं, मग ताईकडे. बराच वेळ. "पाया नका पडू," त्या शेवटी म्हणाल्या, "काप तुमच्या मोठीनेच काढलेत." आई ताईच्या गालावरून हात फिरवायला पुढे झाली, आणि ज्याची ताईने चाळीस वर्षं वाट पाहिली होती तो हात जवळ येताना बघून ती एक पाऊल मागे सरली. "हाताला औषधं लागलीत आई," ती म्हणाली. आई गेल्यावर मॅडम हळू आवाजात बोलल्या, "ब्लॉक कठीण नव्हता ना?"

"नव्हता."

"मला वाटलंच." त्यांनी तिची तक्रार केली नाही. फक्त त्यानंतर हृदयाचे नमुने नव्या मुलीच्या टेबलावर जाऊ लागले. ताईने एकदाही विचारलं नाही, का.

दोन महिन्यांनी मासोळी तपासणीला आली तेव्हा वर न थांबता सरळ खाली आली. तोंडावर मास्क, औषधांनी चेहरा गोल फुगलेला, केस कापून टाकलेले. तलाव बंद, गर्दी बंद, पहारेकरी झोपवल्यामुळे साध्या सर्दीचीही भीती. जेवणाची सुट्टी होती, लॅबमध्ये दोघीच. "मला दाखव," ती म्हणाली.

"काय?"

"मला. माझं ते."

ताईने कपाटातून ट्रे काढला, चौथ्या तुकड्याची स्लाइड लावली, भिंग जुळवून दिलं. मासोळी स्टूलावर बसून वाकली. तिने जन्मात सूक्ष्मदर्शकात पाहिलं नव्हतं, आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या, मग एकदम म्हणाली, "अगं! केवढं सुंदर आहे!" आणि ताईच्या छातीत तीच जुनी कळ उठली. हिचा कुजका तुकडासुद्धा सुंदर. कळ उठली, ती तिने पाहिली, आणि या वेळी ती तिच्यामागे गेली नाही.

"मी आईला नको म्हटलं होतं तुला कळवायला," मासोळी डोळा न उचलता म्हणाली. "तू आलीस की तू माझ्याकडे बघतेस. काही बोलत नाहीस, नुसती बघतेस. माझं काय जास्त आहे ते मोजत असल्यासारखी. आजारी असताना नको वाटलं."

ताईने नजर स्लाइडच्या ट्रेकडे वळवली.

"हे खरंच तू कापलंस?"

"हो."

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी. संध्याकाळी."

"वर आली होतीस तेव्हा दुपार होती." मासोळीला दम लागत नव्हता आता, शब्द एकामागून एक सरळ येत होते. "मध्ये काय करत होतीस?"

यंत्र घरघरत होतं. खोटं बोलायला जागा होती. ब्लॉक कठीण होता, यंत्र अडलं होतं, दुसरं काम आलं होतं. सगळी उत्तरं हाताशी होती आणि मासोळी त्यांतलं कुठलंही मान्य करून गप्प बसली असती. ताईने टेबलाची कड धरली.

"तुझ्यावर जळत होते," ती म्हणाली. "इथे बसून. तुझा तुकडा समोर ठेवून. दीड तास."

मासोळीने सूक्ष्मदर्शकातून डोळा काढला. भिंगाच्या कडेची गोल लाल खूण तिच्या डोळ्याभोवती उमटली होती. ती ताईकडे बघत राहिली, आणि ताई पहिल्यांदाच, मान खाली न घालता, कोणाच्या तरी नजरेखाली तशीच उभी राहिली. पाणी टपकत होतं कुठेतरी. मासोळीचा हात नकळत गळ्याखालच्या यंत्रावर गेला होता आणि तिथेच राहिला.

"दीड तास," ती म्हणाली. तिचा आवाज थंड होता. मग ती वळली, पुन्हा वाकली, डोळा भिंगाला लावला.  तिची पाठ हलत होती, श्वासाने असेल किंवा रडण्याने असेल, ताईला मागून कळेना.

"जा आता," शेवटी ती म्हणाली. ताई दाराकडे निघाली, तेवढ्यात मागून आवाज आला, तसाच थंड, पण थांबवणारा. "नको. थांब. हे निळे कोण ते सांगून जा."

ताई परत आली. दुसरं स्टूल ओढून समोरच्या भिंगाशी बसली, आणि डोळे कोरडे होण्याची वाट न बघता, धूसर दिसत होतं तसंच, एकेका ठिपक्यावर भिंगातल्या बाणाची खूण नेऊन बहिणीला सांगू लागली.